गैरहजरांचा वाटा

अन्याय झाला तो माझ्या आत्यावर. यंदाच्या मे महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी अकरा वाजून गेल्यावर, तिसरं गीत संपून पाळकांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, मेजावरचा पांढरा कपडा उचलला त्यानंतर लगेच. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण असं काही झालंच नाही, बाई उगीच रुसली, असं म्हणणारे लोक आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, आजही आहेत. झालं. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी पाहिलं.

आमचं चर्च म्हणजे येरमाळ्याच्या अलीकडं, हायवे सोडून आत गेलं की लागणारी पत्र्याची एक लांबट खोली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: प्रभूनं पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर जे शेवटचं जेवण केलं, त्याची आठवण म्हणून भाकरीचा तुकडा खायचा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. भाकर म्हणायची पद्धत. असतो तो बेकरीतला पाव, कडा काढून चौकोनी कापलेला. आणि द्राक्षरस म्हणजे काळे मनुके आदल्या दिवशी भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणी. बाया डावीकडं, बापे उजवीकडं, लाकडी कठड्यापुढं गुडघे टेकायचे, उजवा हात डाव्यावर ठेवून ओंजळ पुढं करायची. पाळक ताट घेऊन येतात आणि प्रत्येक ओंजळीत एक तुकडा ठेवतात.

आत्या त्याच आठवड्यात कर्नाटकातून परत आली होती. सहा महिने ऊसतोड करून. दिवाळीनंतर गेलेली टोळी उन्हं तापल्यावर आली होती. तिनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, डोक्यावरून पदर घेतला होता आणि ओंजळ पुढं केली होती. तळहात काळे पडलेले, बोटांवर उसाच्या पाचटानं कापल्याच्या बारीक रेघा.

पाळक तिच्यापुढं आले. थांबले. ताट छातीशी घेतलं आणि पुढच्या बाईकडं सरकले.

मला वाटलं माझी नजर चुकली. पण आत्याला काय वाटलं ते जास्त वाईट आहे. तिला वाटलं ताटातले तुकडे संपले. ती तशीच ओंजळ धरून बसून राहिली, दुसरं ताट येईल म्हणून. शेजारच्या बाया उठल्या, जागेवर गेल्या, नव्या बाया येऊन टेकल्या, त्यांनाही मिळालं. आत्या बसलेलीच. शेवटी आमच्या चर्चचा कारभार पाहणारे मुख्य पंच वाकून तिच्या कानाशी गेले. ते एसटीतून कंट्रोलर म्हणून रिटायर झालेले. हळू बोलणं त्यांना जमतच नाही.

"बाई, तुमचं नाव खाली आलंय."

"खाली म्हंजे?"

"यादीतून. कलम सात. चार प्रभुभोजनाला गैरहजर. उठा आता, पाठीमागं लोक थांबलेत."

अख्ख्या चर्चनं ऐकलं. आत्या उठली. गुडघे धरून, कठड्याला टेकून, हळूहळू उठली आणि रिकामी ओंजळ पदराखाली घेऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

माझ्या कानात मात्र दोनच शब्द घुमत होते. कलम सात. ते मी लिहिलं होतं.

*

कसं लिहिलं तेही सांगते, कारण लपवून काही उपयोग नाही.

बारावीनंतरची सुट्टी होती. पुण्या-पिंपरीला स्थायिक झालेली आमच्या मंडळीतली पाच-सहा घरं दर वर्षी नाताळाला गाड्या घेऊन येत, आणि नाताळानंतरच्या रविवारी पंचांची निवड असे, तिथं हात वर करून गावातल्यांना हरवून जात. वर्षभर चर्चच्या पत्र्यावर कोण चढलं, गळती कुणी बुजवली, याचा त्यांना पत्ता नसे. गावातले चिडले होते. मुख्य पंच मला म्हणाले, "पोरी, तुझं मराठी चांगलंय. असं नियमपत्रक लिही की ह्या पावण्यांची वाट बंद झाली पाहिजे."

मी लिहिलं. एका बैठकीत. कॉलेजातल्या संघटनेत पत्रकं लिहायला नुकतीच शिकले होते, हात शिवशिवत होते. "जो सभासद सलग चार प्रभुभोजनांस गैरहजर राहील त्याचे नाव यादीतून वगळण्यात येईल, व मंडळीपुढे उभे राहून पश्चात्ताप प्रकट केल्याशिवाय त्यास मेजाजवळ येता येणार नाही." वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं होतं.

पुढं काय झालं? जुने पाळक यादी उघडतच नसत, म्हणून बरीच वर्षं काहीच झालं नाही. गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, सरळ, लिहिलेलं पाळणारे. त्यांनी यादी कॉम्प्युटरवर चढवली. पुणेकरांना सुगावा लागला तसे ते दर तिसऱ्या महिन्याला सकाळी गाडी काढून येऊ लागले. येतात, ओंजळ पुढं करतात, हायवेवरच्या ढाब्यावर जेवून परत जातात. त्यांची नावं यादीत शाबूत आहेत. आणि जी माणसं नोव्हेंबर ते एप्रिल कर्नाटकात उसाच्या फडावर कोयता चालवतात, त्यांची सहा-सहा प्रभुभोजनं बुडतात. त्यांची नावं एका दमात खाली आली.

हे कमी म्हणून की काय, मी त्या सहा महिन्यांत काय करत होते ऐका. साखर कारखान्यांच्या गेटवर ऊसतोड बायांसाठी पत्रकं वाटत होते. फडावर पाण्याची सोय करा, कोपीजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपडीजवळ, आडोसा करा, बायांना ओळखपत्रं द्या. घसा बसेपर्यंत ओरडत होते की ही माणसं कुणाच्याच यादीत नाहीत. आणि माझ्या सख्ख्या आत्याचं नाव माझ्याच वाक्यानं यादीतून काढलं जात होतं.

*

दुसऱ्या दिवशी आत्याकडं गेले. ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. आतोबा जाऊन आठ वर्षं झाली, ती एकटीच राहते. टोळीत ऊस तोडायला तिची जोडी असते ती तिच्या दिराच्या सुनेबरोबर. मी सांगून टाकलं.

"आत्या, ते कलम मी लिहिलंय."

तिनं हात थांबवले नाहीत. "तू लिवलंस?"

"व्हय."

"आमच्यासाठी लिवलंस?"

"न्हाय गं. पुणेवाल्यांसाठी."

"मग आमच्यावर कसं आलं?"

  मी म्हटलं, पंच म्हणतात पुढच्या रविवारी उभं राहून दोन शब्द बोल, मी चुकले म्हण, की झालं, नाव परत चढवतील.

आत्यानं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "काय चुकलं म्हणू? ऊस तोडला, हे पाप म्हणून सांगू व्हय? खोटं बोलून परभूची भाकर घेऊ?"

मी एक शेंग उचलून सोलायला लागले.

"सांग की. तू शिकलेली हायस."

"नको बोलूस तसं."

"मग न्हाय बोलत. राहू दे नाव खाली." तिनं पदरावरचा कचरा झटकला. मग एकदम म्हणाली, "पर एक इचारते. आमी तिघी जणी हाय आपल्या मंडळीतल्या टोळीत. फडावर पयला रविवार कुणाला ठावं? मुकादमाचा ट्रक आला की रविवार न्हाय न सोमवार न्हाय. पर दिराच्या सुनंच्या मोबाईलात बघून आमी धरायचो. कोपीपुढं बसायचो, एक भाकर मोडायची, तिघींनी खायची. येकजण प्रार्थना करायची."

"आणि द्राक्षरस?"

"कोरा चा."

मला हसू आलं. ती डाफरली. "हसतीस काय? द्राक्षाचा मळा व्हता का तिथं? म्या इचारते ते सांग. ते लागू व्हतं का न्हाय? देवाच्या घरी ते धरत्यात का, का तितंबी आमी गैरहजरच?"

मला धक्का बसला तो या प्रश्नाचा. आत्यानं सहा महिन्यांत एकही प्रभुभोजन चुकवलं नव्हतं. आणि आम्ही सहाच्या सहा गैरहजेऱ्या मांडल्या होत्या.

"फडावर कुणाचा काय भरोसा, माय," ती पुन्हा सूप ओढत म्हणाली. "दिवाळी झाली की पुन्ना जायचं. न घेता जायचं म्हंजे जिवाला घोर लागतो. एवढं कुणाला तरी इचार."

*

विचारायला मी तेरला गेले. तिथं एक निवृत्त धर्मशिक्षक राहतात. पाळक होऊ पाहणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर पहिल्या तीन-चार शतकांतल्या मंडळीचा इतिहास शिकवला. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त. मी कलम सात त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं.

"कुणी लिहिलं हे?"

"मी."

"मराठी चांगलं आहे," ते म्हणाले. एवढी बोचरी शाबासकी मला कुणी दिली नव्हती.

मी तावातावानं म्हटलं, "गुरुजी, हे सगळं मिशनऱ्यांनी आणलेलं. कठडा, ताट, यादी. त्यांच्याच देशातलं आहे ना?"

त्यांनी खिडकीतून पांढरीच्या, जुन्या गाडल्या गेलेल्या वस्तीच्या, टेकाडाकडं बोट दाखवलं. "मी सांगतोय ती गोष्ट त्या टेकाडाच्या वयाची आहे. तेरचं कापड भडोचमार्गे समुद्रापार जात होतं, तिकडच्या मद्याचे रांजण इकडं येत होते, तेव्हाची. मिशनरी फार नंतरचे. बस. पाणी पी आणि ऐक."

मी ऐकलं. जे ऐकलं त्यातलं निम्मं मला आमच्या चर्चमध्ये कधीच कुणी सांगितलेलं नव्हतं, याचाच मला पहिला राग आला.

सुरुवातीला कठडा नव्हता. चर्चची इमारतही नव्हती. कुणाच्या तरी घरात लोक संध्याकाळी जमत आणि चक्क जेवत. पोटभर जेवण, त्यातच भाकर मोडणं, त्यातच प्याला. एका ग्रीक बंदराच्या शहरात या जेवणात घोटाळा झाला. ज्यांना काम नसे ते लवकर येऊन खाऊन-पिऊन घेत. जे तोवर पोचलेले नसत, ते उपाशी राहत. गुरुजी म्हणाले, अभ्यासकांचा असा कयास आहे की हे उशिरा येणारे म्हणजे गुलाम आणि मजूर, ज्यांची सुटका मालकाच्या मर्जीवर. ती मंडळी ज्यानं उभी केली त्या प्रेषितानं तिला खरमरीत पत्र धाडलं, की तुम्ही हे जे करता त्याला प्रभूचं भोजन म्हणूच नका.

"रागावला कुणावर?" गुरुजींनी विचारलं.

"लवकर येणाऱ्यांवर."

"हं. उशीर झालेल्यांवर नाही. लक्षात ठेव."

मग हळूहळू जेवण वेगळं झालं आणि भाकर-प्याला वेगळा झाला, सकाळच्या उपासनेत आला. दुसऱ्या शतकाच्या मध्यात रोममधल्या एका ख्रिस्ती शिक्षकानं सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडली, त्यात रविवारी काय चालतं ते सगळं लिहून ठेवलंय. वाचन होतं, प्रार्थना होते, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षरस पुढं आणतात, प्रमुख उपकार मानतो, लोक आमेन म्हणतात, हजर असलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो.

"आणि मग?" गुरुजी थांबून माझ्याकडं बघत राहिले.

"मग संपलं."

"नाही. मग सेवक उठतात, ज्यांना आपण डीकन म्हणतो ते, आणि जे आलेले नाहीत त्यांचा वाटा त्यांच्याकडं घेऊन जातात."

मी त्यांना ते पुन्हा सांगायला लावलं. जे आलेले नाहीत त्यांचा. त्यांच्याकडं. घेऊन. त्या माणसानं ते असं लिहिलंय म्हणे की जणू यात सांगण्यासारखं काही नाही. सम्राटाला आपली रीत समजावताना त्यानं गैरहजरांची यादी सांगितली नाही. गैरहजरांचा वाटा सांगितला.

 अठराशे वर्षांपूर्वी जो गैरहजर, त्याच्याकडं भाकर जात होती. आमच्याकडं जो गैरहजर, तो परत येऊन गुडघे टेकतो तरी भाकर पुढं सरकते.

मी आत्याचा प्रश्न विचारला. कोपीपुढची भाकर, कोरा चहा. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेतले लोक रविवारी मिळालेली भाकर घरी नेत, डबीत जपून ठेवत आणि आठवडाभर सकाळी काही खायच्या आधी त्यातला कण घेत. बायाही घेत, आपल्या घरात, आपल्या हातानं. "पण ती भाकर मेजावरून आलेली असे," ते म्हणाले. "तुझ्या आत्याची भाकर मेजावरून गेली नव्हती, खरं आहे. पण त्यात चूक कुणाची? तिनं मोडली याची, की तुम्ही पाठवली नाही याची?"

मरणाऱ्याला जो शेवटचा वाटा देत, त्याला त्यांच्या भाषेत प्रवासाची शिदोरी म्हणत. चौथ्या शतकात सगळीकडचे बिशप एकत्र बसले तेव्हा त्यांनी ठरवलं की कुणी कितीही शिक्षेत असो, मरताना मागितली तर ही शिदोरी नाकारायची नाही.

माझं पत्रक डोक्यात तयार होऊ लागलं होतं. मथळासुद्धा सुचला होता. गुरुजींना ते दिसलं असावं.

"थांब. इतिहासाचं पत्रक करू नकोस. तेही लोक दारं लावून घेत. बाप्तिस्मा न झालेल्यांना भाकरीच्या आधी बाहेर काढत, दाराशी माणूस उभा करत. मोठा अपराध केलेल्यांना वर्षानुवर्षं लांब ठेवत. गोड गोड सांगत सुटशील तर पहिला हुशार माणूस तुला गप्प करील. आणि हे बघ." त्यांनी एक जाड पुस्तक काढलं. "चौथ्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये बिशपांची सभा भरली. कडक म्हणून नावाजलेली. तिनं तुझ्यासारखंच कलम केलंय. तीन रविवार जो चर्चला येणार नाही, त्याला काही काळ बाहेर ठेवा."

मला, खरं सांगते, क्षणभर हायसं वाटलं. तीनच! माझे तर चार महिने होते. म्हणजे मी एकटीच चुकले नव्हते.

"तीन रविवार जो येणार नाही," गुरुजी म्हणाले, "पण कोण जो?"

"कोण?"

"जो शहरात राहतो तो. कलमाची सुरुवातच तिथून आहे. चर्च जिथं आहे तिथं राहून जो येत नाही, त्याच्यासाठी. लांब असलेल्याला त्यांनी हात लावलेला नाही."

मी पुस्तक हातात घेतलं. भाषा परकी, मला एक अक्षर कळत नव्हतं, तरी मी त्या ओळीकडं बघत राहिले. सतराशे वर्षांपूर्वीची, कुणावर दया न करणारी म्हातारी माणसं. त्यांनीसुद्धा नियम लिहिताना आधी विचारलं होतं की हा माणूस आहे कुठं? मी विचारलं नव्हतं. माझी आत्या वर्षातले सहा महिने कुठं असते हे मला माहीत होतं. ट्रॅक्टरमध्ये तिचं बोचकं मीच चढवून देत होते. आणि नियम लिहिताना मला ती आठवली नाही. पुणेवाले आठवले.

*

आत्याला येऊन सगळं सांगितलं. ती मध्येच म्हणाली, "डबीत घालून नेत व्हते?"

"व्हय."

"बायाबी?"

"बायाबी."

"मग आमची डबी कुठाय?" एवढंच विचारलं आणि चुलीकडं वळली.

जुलैत पंचांची बैठक झाली. मी दुरुस्ती लिहून नेली. दोनच गोष्टी: कामासाठी बाहेर असलेल्याला कलम सात लागू नाही, आणि पहिल्या रविवारचा वाटा फडावरच्या सभासदांकडं पाठवायचा. तेरला ऐकलेलं सगळं सांगितलं, कडू तेही. पाळक मान खाली घालून ऐकत होते. मुख्य पंच टेबलावर पेन आपटत होते.

"कर्नाटकात कोण नेणार भाकर? एसटीनं पार्सल करू व्हय?"

सगळे हसले.

"करा की, काका. जन्मभर पार्सलंच चढवली तुम्ही."

हसणं थांबलं. पंच लाल झाले. "कलम तूच लिवलंस! टाळ्या घेतल्यास! आता तुझ्या आत्यावर आलं म्हणून फिरवतीस?"

"फिरवते. माझ्या आत्यावर आल्याशिवाय मला दिसलं नाही, ही माझी लाज. तुमच्या कुणावर यायची वाट कशाला बघताय?"

पाळक तेव्हा बोलले. "ताई, मी लिहिलेलं पाळतो. त्या दिवशी माझा हात थरथरत होता."

"थरथरत होता, पण पुढं गेलाच ना, साहेब?"

 वाईट माणूस नाही तो. हेच मला जास्त हादरवून गेलं. त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता.

मुख्य पंचांनी नियमपत्रक उघडलं आणि जरा मवाळ आवाजात म्हणाले, "हे बघ, पोरी, कलमात बदल फक्त वार्षिक सभेत होतो. वार्षिक सभा जानेवारीत. तिथं मांड."

"जानेवारीत ही माणसं कुठं असतात, काका?"

"फडावर."

"मग मत कोण देणार?"

"जे हजर असतील ते."

त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी नियमपत्रक मिटून बाजूला ठेवलं. बैठक चहा न घेताच उठली.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी मंडळीपुढं उभी राहिले. कलमात लिहिलेला पश्चात्ताप करायला. माझं नाव यादीत शाबूत होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मी चुकले. ज्यांनी काही चूक केलेली नाही त्यांना चुकले म्हणायला लावणारं वाक्य मी लिहिलं."  गेटवर हजार माणसांपुढं बोललेली मी, त्या पत्र्याच्या खोलीत मला शब्द सापडेनात. पुण्याहून आलेल्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, "कोणतं वाक्य?" मागून मुख्य पंच म्हणाले, "बस आता खाली." ओरडले नाहीत. पहिल्यांदाच हळू बोलले.

कठड्याकडं मी गेले नाही. आत्या शेवटच्या बाकावर होती, मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती कानात खेकसली, "माझ्यापायी तू कशाला उपाशी? जा, घेऊन ये."

"नाही जात."

"लई हट्टी हायस." आणि मग, पाळक ताट घेऊन बायांच्या रांगेतून सरकत असताना, ती त्या ताटाकडं ज्या नजरेनं बघत होती ती मी जवळून पाहिली. राग नव्हता त्यात. माणूस स्टँडवर उभा आहे आणि आपल्या गावची बस न थांबता गेली, तशी ती बघत होती. एक गेली. आता पुढची कधी, ते कुणी सांगत नाही.

हे लिहिते तेव्हा दसरा तोंडावर आलाय. मुकादमाचा माणूस गावात दोनदा येऊन गेला. दिवाळी झाली की ट्रॅक्टर निघतील. त्याआधी आमच्या मंडळीत एकच पहिला रविवार उरलाय. नियमपत्रकात आणखी एक कलम आहे, तेही मीच लिहिलेलं: यादीतल्या एकतृतीयांश सभासदांनी सह्या केल्या तर पंचांना विशेष सभा बोलवावीच लागते, जानेवारीची वाट न बघता. कागद माझ्याकडं आहे. सह्या पुरेशा नाहीत. काही जण म्हणतात, बरोबर आहे तुझं, पण आधी दुसऱ्यांची घे. काही म्हणतात, आत्या दोन शब्द बोलली असती तर एवढं कशाला वाढलं असतं?

ती बोलणार नाही. तिनं बोलूही नये.

म्हणून तुम्हाला सांगते, सरळ. तुमचं नाव आमच्या यादीत असेल तर पहिल्या रविवारच्या आधी माझ्या दारी या आणि सही करा. येणं जमत नसेल तर निरोप धाडा, कागद घेऊन मी येते. आणि तुम्ही दुसऱ्या मंडळीचे असाल, धाराशिवच्या, तुळजापूरच्या, कुठल्याही, तर तुमचं नियमपत्रक आजच मागून घ्या, गैरहजरांचं कलम शोधा, आणि येत्या उपासनेत भाकर वाटली जाण्याआधी उभं राहून सगळ्यांदेखत तुमच्या पाळकांना विचारा की जे कामावर गेलेत त्यांचा वाटा घेऊन कोण निघणार आहे. उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.